मार्टिनमसची रात्र : स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशातील मृतांची कथागीते

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात ‘बॅलड’ नावाची कथागीते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. त्यांत मृतांच्या आणि परीलोकाच्या कथांचा एक वेगळाच गट असून त्यातील दोन सर्वांत समर्थ गीतांची रात्र हिवाळ्याच्या तोंडावर येते. पोवाड्याप्रमाणे ही गीते डफ-तुणतुण्याच्या साथीने जमावापुढे गाइली जात नसत. घरातली बाई किंवा शेतावरचा गडी ती बहुधा साथीवाचून, एकट्यानेच, आपला शोक किंवा धाक आवाजात उमटू न देता म्हणत असे.

त्या मुलखात 31 ऑक्टोबरला हॅलोवीन, म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या, येते, 2 नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस असतो आणि 11 नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण, मार्टिनमस, असतो. 1560 च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये मृतांसाठी करावयाच्या प्रार्थना बंद झाल्या आणि संतांचे सणही मागे पडले, तरी मार्टिनमस टिकला, कारण तो जमिनीचा खंड भरण्याचा आणि गडीमाणसांचा करार संपून नवा ठरण्याचा दिवस होता. आपल्याकडे सालगड्याच्या बोलीत गुढीपाडव्याला जे स्थान आहे, ते तिकडे या दिवसाला होते. वैरण थंडीभर पुरणार नाही म्हणून जनावरे कापून मांस खारवण्याचे कामही याच सुमारास होई. लांबत चाललेल्या रात्री आणि चुकते करावयाचे देणे येथे एकत्र येतात, आणि या गीतांतील भय समजून घ्यायचे तर हे देणे विसरून चालत नाही.

‘टॅम लिन’ या गीतात ते उघडच दिसते. सेलकर्कजवळ एट्रिक आणि यॅरो या नद्यांच्या संगमापाशी असलेल्या कार्टरहॉच्या रानात परीराणीने अडकवून ठेवलेला हा तरुण आपल्या प्रेयसीला सांगतो, की परीलोक दर सात वर्षांनी नरकाला ‘टीन्ड’ देतो. टीन्ड म्हणजे चर्चला द्यावा लागणारा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. या खेपेस तो हिस्सा म्हणून आपलाच बळी जाईल, अशी त्याला धास्ती आहे. हॅलोवीनच्या मध्यरात्री ती गर्भवती मुलगी त्याला घोड्यावरून खाली ओढते आणि तो साप, हिंस्र श्वापद, तापलेले लोखंड अशी रूपे घेत असताना मिठी सोडत नाही. 1549 च्या ‘द कंप्लेंट ऑफ स्कॉटलंड’ या ग्रंथात या कथेचा उल्लेख आहे. प्रसिद्ध पाठ रॉबर्ट बर्न्सने जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या संग्रहाला दिला.

‘द वाइफ ऑफ अशर्स वेल’ हे गीत याहून थोर आहे. एक सधन बाई तीन मुलांना समुद्रापार पाठवते, काही आठवड्यांतच मुले गेल्याची बातमी येते, आणि मुले हाडामांसाची परत येईपर्यंत वारा थांबू नये, असे ती बोलून जाते. मार्टिनमसच्या सुमारास ती येतात, डोक्यावर स्वर्गाच्या दारातील भूर्जवृक्षाच्या सालीच्या टोप्या घालून. आई मोलकरणींना चूल पेटवायला आणि विहिरीचे पाणी आणायला सांगते, रुंद अंथरूण घालते आणि अंगावर शाल घेऊन उशाशी बसून राहते. कोंबडा आरवतो तेव्हा मुले उठतात. न गेल्यास थडग्यातला किडा रागावेल, असे त्यांचे बोलणे होते, आणि निरोप घेताना आईबरोबरच कोठार, गोठा आणि चूल पेटवणारी मुलगी यांचेही नाव निघते. येथे किंकाळी नाही की रक्त नाही. मृतांना घरच्या कामाची आठवण राहते, आणि काळीज हलते ते त्यामुळेच.

वॉल्टर स्कॉटने हे गीत 1802 मध्ये ‘मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’मध्ये प्रथम छापले. कवी जेम्स हॉगची आई मार्गारेट लेडलॉ हिने मात्र, ही गाणी म्हणण्यासाठी होती आणि छापून तुम्ही ती बिघडवली, असे त्याला तोंडावर सुनावल्याचे हॉगने नोंदले आहे. तिची तक्रार रास्त होती. तरीही स्कॉट नसता तर अशर्स वेलच्या बाईचा हा पाठ कदाचित एखाद्या गावाबाहेर गेलाच नसता. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी 1882 ते 1898 या काळात अशी 305 कथागीते पाठभेदांसह प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, 1891 मध्ये, एच. ए. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा मराठी पोवाड्यांचा संग्रह निघाला.

स्थलांतरितांबरोबर अशर्स वेलचे गीत अमेरिकेत ॲपलॅचियन डोंगरांत गेले, आणि 1916 ते 1918 या वर्षांत सेसिल शार्प व मॉड कार्पेलीस यांनी तेथे त्याचे अनेक पाठ टिपून घेतले. खंडाचा तो जुना दिवस तेथे कोणाला ठाऊक नसल्यामुळे बहुतेक पाठांत मार्टिनमसच्या जागी नाताळ आला आणि तीन धडधाकट मुलगे तीन लहान लेकरे झाली. केंटकीचे बँजोवादक बुएल काझी यांनी 1928 मध्ये ‘लेडी गे’ या नावाने ध्वनिमुद्रित केलेले गीत ते हेच.