हुरमुंजी रंग कुणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत घराला रंग काढला. पेंटर मुलगा बैठकीची खोली पाहून म्हणाला, "सर, इथे हिरवाच ना?" मी म्हटलं, "नाही, हुरमुंजी." हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. मी शेडकार्डावरच्या एका गडद तांबड्या चौकोनावर बोट ठेवलं. "म्हणजे गेरूच की!" तो म्हणाला. शेजारी बसलेल्या खाला लगेच चपापल्या. "बेटा, तो त्यांचा रंग. चार लोक घरी येतात, काय म्हणतील?"

पेंटरने आम्हाला हिरवा देऊन टाकला होता, खालांनी गेरू त्यांना. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी भाषेचा शिक्षक. रंगांची ही वाटणी शब्दांना मान्य आहे का, एवढं तरी पाहावं म्हटलं.

मराठीत कुणी हुरमुंजी म्हणतं, कुणी हिरमंजी. उर्दूत हिरमिज़ी. शब्दाचं मूळ गाव एकच, इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ बेट. बेट जेमतेम ४२ चौरस किलोमीटरचं. गोड्या पाण्याची कायम टंचाई, पण माती लालभडक. तिच्यात लोहाचं ऑक्साइड, म्हणजे हेमॅटाइट, भरपूर. तिथले लोक या मातीला 'गेलक' म्हणतात आणि माशांच्या आंबवलेल्या कालवणातही घालतात. आपल्या गेरूपेक्षा हा रंग गडद, किंचित जांभळटाकडे झुकणारा. पुढे याच मातीला युरोपच्या रंगबाजारातही मागणी आली.

इराणच्या बेटाचं नाव मराठी रंगाला कसं चिकटलं? समुद्राच्या वाटेने. मध्ययुगात होर्मुझ हे या भागातलं मोठं बंदर होतं. तिथून घोडे जहाजात चढत आणि चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत. बहमनी आणि विजयनगर, दोघांच्याही फौजांना ते हवे असत. १५व्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन निघाला, चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडवून धर्म बदलण्याची अट घातली. तेव्हा एका खुरासानी मुसलमानानेच मध्ये पडून त्याची सुटका केली. हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. १५१५ मध्ये होर्मुझ पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं. १६२२ मध्ये शाह अब्बासने इंग्रजांच्या जहाजांची मदत घेऊन ते परत मिळवलं. बंदराचं वैभव ओसरलं, पण नाव आपल्याकडे रंगाच्या डब्यात राहिलं.

हुरमुंजीचा चुलतभाऊ शोभावा असा किरमिजी. माझी मुलं हे दोन्ही शब्द हमखास एक समजतात. हुरमुंजी मातीचा, तर किरमिजी किड्याचा. फारसीत किर्म म्हणजे किडा. एका बारीक किड्यापासून हा लाल रंग काढत, म्हणून किरमिजी. गुलाबी, बदामी, आसमानी हेही फारसीतूनच आले. उलट नारिंगी आपल्याकडून तिकडे गेला. संस्कृत 'नारंग' फारसीतून अरबीत जाऊन 'नारंज' झाला आणि पार युरोपात पोचला. खुद्द 'रंग' हा शब्द संस्कृतातही आहे आणि फारसीतही. तो कुणी कुणाकडून घेतला हे विचारण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या.

आणि गेरू? नाव संस्कृत 'गैरिक'वरून, म्हणजे डोंगरातला. संन्याशांनी तो अंगावर घेतला, तसाच चिश्ती साबरी सिलसिल्यातल्या फकिरांनीही घेतला. गोव्या-कोकणात पांढऱ्या चुन्यावर लाल कावेने नक्षी काढत. माझ्या नानीच्या घरी चुन्याच्या भिंतीला खाली हातभर गेरूचा पट्टा असे, आणि शेजारच्या देशमुखांच्या वाड्यालाही. कारण साधं होतं. चुन्याच्या दाहक गुणाने बरेच रंग मरतात, लोहाची माती मरत नाही. उन्हातही ती विटत नाही. शिवाय पावसाळ्यात खाली उडालेला चिखल त्या पट्ट्यावर दिसत नाही! भिंतीला जे टिकतं ते लोकांनी लावलं. भिंत कुणाची, हे रंगाने कधी विचारलं नाही.

हे सगळं मी खालांना चहा घेताना सांगितलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नानीचा तो पट्टा दर ईदच्या आधी मीच सारवायचे. विसरूनच गेले होते."

शेवटी खिडकीसमोरची एकच भिंत हुरमुंजी केली. बाकीच्या तीन आणि छत चुन्यासारखं पांढरं ठेवलं, म्हणजे खोली अंधारी वाटत नाही. संध्याकाळचं ऊन त्या भिंतीवर पडतं तेव्हा खोली उबदार होते. पेंटरने मोबाइलवर फोटो काढला आणि जाताना विचारलं, "सर, काय म्हणालात तुम्ही त्या रंगाला?"

मी त्याच्या शेडकार्डाच्या मागे मराठीत आणि उर्दूत लिहून दिलं.