विल्यम्सबर्ग येथील विथचें घर व लिडिया ब्रॉडनॅक्स

व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें जेफर्सनचा कायद्याचा गुरु जॉर्ज विथ याचें दुमजली विटांचें घर उभें आहे. इ. स. १७८१ त यॉर्कटाऊनच्या वेढ्यापूर्वीं वॉशिंग्टनचा मुक्काम येथेंच होता. जुना पेहराव केलेलीं माणसें येथें तत्कालीन पात्रें होऊन बोलतात. प्रस्तुत लेखकास हा प्रकार प्रथम निव्वळ बहुरूप्याचें सोंग वाटला.

मागील स्वयंपाकघरांत विथची गुलाम स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स भेटली. खरी लिडिया १७८७ त मुक्त झाली. १८०६ त रिचमंडास विथवर विषप्रयोग होऊन तो मेला, ती वांचली. संशय विथच्या बहिणीच्या नातवावर होता. परंतु गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कायद्यानें अग्राह्य! आरोपी खुनाच्या आरोपांतून सुटला. जी साक्ष दप्तरांत शिरूंच दिली नाहीं, तिला कागद नाहीं म्हणून आम्हीं खोटी म्हणावें काय? सुदैवानें, जेफर्सनकडे साहाय्य मागणारें तिचें १८०७ चें पत्र उपलब्ध आहे.

त्या पत्राविषयीं मीं वेषधारी बाईस विचारलें. तें साल अजून उजाडलें नाहीं, असें तिनें शांतपणें उत्तर दिलें. हा संयम आमच्या कित्येक बखरकारांस साधलेला नाहीं.