नवजात अर्भकांचे शिरेतून स्निग्धपोषण

तोंडाने वा नळीने पुरेसे दूध पचवू न शकणाऱ्या नवजात अर्भकास तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून केलेले पांढरे पायस थेट शिरेतून देण्याच्या उपचारास शिरेतून स्निग्धपोषण म्हणतात. रुग्णालयात मराठी बोलतानाही यासाठी 'लिपिड' हाच शब्द चालतो. ग्लुकोज, अमिनो आम्ले, क्षार व जीवनसत्त्वे यांसह दिल्या जाणाऱ्या संपूर्ण शिरापोषणाचा हा एक भाग होय.

गरज

गर्भाच्या शरीरात चरबी साठते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. त्यामुळे अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, जेमतेम किलोभर वजनाच्या बाळाजवळ शिल्लक अशी फारशी नसतेच. लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती बाहेरून न मिळाल्यास अशा बाळात काही दिवसांतच त्यांची कमतरता दिसू लागते. मेंदू व दृष्टिपटल यांच्या घडणीसाठीही मेदाम्ले लागतात.

दुसरे कारण ऊर्जेचे. २० टक्के पायसाच्या एका मिलिलिटरमधून सुमारे २ किलोकॅलरी मिळतात. तीव्र ग्लुकोजने हातापायाची बारीक शीर खराब होते, तसे या पायसाने सहसा होत नाही.

इतिहास

कापसाच्या सरकीच्या तेलाचे पायस अमेरिकेत वापरले गेले होते, परंतु दुष्परिणामांमुळे ते मागे घ्यावे लागले. स्वीडनचे आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल व अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड यांपासून 'इंट्रालिपिड' तयार केले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते युरोपात व १९७५ मध्ये अमेरिकेत वापरात आले.

यकृताचा प्रश्न

जन्मतः आतडे अपुरे असलेल्या किंवा शस्त्रक्रियेत ते बरेचसे काढावे लागलेल्या बाळांना महिनोन्‌महिने शिरापोषणावर राहावे लागते. त्यांपैकी अनेकांत पित्ताचा प्रवाह मंदावून कावीळ होते आणि पुढे यकृत निकामी होऊ शकते. जगवणारे अन्नच जिवावर उठावे, असा हा पेच होता. सोयाबीन तेलातील वनस्पतिजन्य स्टेरॉल व ओमेगा-६ मेदाम्लांचे आधिक्य ही त्याची कारणे मानली जातात. मात्र जंतुसंसर्ग, अपुरे दिवस आणि आतड्यांस काम नसणे यांचाही वाटा असतो.

२००६ मध्ये बॉस्टन येथील कॅथलीन गुरा, मार्क पुडर व सहकाऱ्यांनी दोन अर्भकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सोयाबीनऐवजी माशाच्या तेलाचे पायस दिल्यावर त्यांची कावीळ ओसरली होती. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मत्स्यतेलाच्या पायसास अशा बालरुग्णांसाठी मान्यता दिली. सोयाबीन, मध्यम साखळीची ट्रायग्लिसराइड, ऑलिव्ह व मासे यांचे मिश्र पायसही प्रचलित आहे. अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळास आरंभापासून मत्स्यतेलयुक्त पायसच द्यावे, असे म्हणण्याइतका ठोस पुरावा मात्र नाही.

देण्याची पद्धत

प्रारंभ साधारणतः दर किलो वजनामागे दिवसाला १ ते २ ग्रॅमने करून मात्रा ३ ते ४ ग्रॅमपर्यंत नेतात. किलोभराच्या बाळास ३ ग्रॅम म्हणजे २० टक्के पायसाचे १५ मिलिलिटर, जेमतेम तीन चहाचे चमचे. तेही सिरिंज पंपाने चोवीस तासांत सावकाश. वेग वाढल्यास रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात, म्हणून त्यांची तपासणी करतात. कावीळ तीव्र असल्यास सावधगिरी लागते, कारण मुक्त मेदाम्ले बिलिरुबिनला अल्ब्युमिनपासून विलग करू शकतात. प्रकाशाने पायसात पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून सिरिंज व नळी झाकतात. पायसात जंतू सहज वाढत असल्याने नळी रोज बदलतात. दूध पचू लागले की पायसाचे प्रमाण क्रमाने घटवून ते बंद केले जाते.