श्रुतरक्षण : मूडबिद्री ते अमरावती

सुवर्णमहोत्सवानिमित्त इतिहासपर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापड दुकानदार. तथापि षट्खंडागमाची कथा मनात अनेक वर्षे घोळत आहे, तीच येथे सादर करतो.

श्रुताचा लोप होऊ नये म्हणून आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुंफेत पुष्पदंत व भूतबली या मुनिद्वयास ते शिकविले व त्या उभयतांनी ते ग्रंथबद्ध केले. त्यावरील आचार्य वीरसेनांची ७२ हजार श्लोकप्रमाण धवला टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. पुढे कित्येक शतके तिच्या ताडपत्री प्रती केवळ दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत राहिल्या. लिपी जुनी कानडी, वाचणारे विरळा. यात्रेकरू दुरून दर्शन घेत व परतत. ग्रंथ पूज्य झाला, पण पठनातून गेला. दरम्यान पाने झिजत होती, काही नष्टही झाली. घडी न बदलता ठेवलेले भारी वस्त्र घडीवरच विरते, हे आम्हा कापडवाल्यांस सांगावे लागत नाही.

मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी १८९५ च्या सुमारास पुढाकार घेतला व मूडबिद्रीतच प्रती करण्याचे काम सुरू झाले. त्या क्षेत्राबाहेर जाऊ नयेत, अशी अट होती. लेखनिक गजपती शास्त्री यांनी मात्र पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने घरी गुप्तपणे आणखी एक प्रत उतरविली. ती घेऊन ते सोलापुरास आले असता शेठ हिराचंदांनी ती स्वीकारली नाही. ज्या ग्रंथासाठी एवढी खटपट केली तो दारी आला, तरी दिल्या शब्दास बाधा नको! अखेर सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ती घेतली. तेथे नागरी प्रत करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही एक प्रत स्वतःजवळ ठेवली व तिच्यावरून आरा, कारंजा, सागर इत्यादी ठिकाणी प्रती पोहोचल्या.

यात योग्य कोण, यावर मी पुष्कळ विचार केला. शेठजींचा सचोटीचा मार्ग मला वंदनीय वाटतो. तरीही ग्रंथ समाजास मिळाला तो गजपती शास्त्रींच्या अपराधामुळे, हेही नाकारता येत नाही. जमाखर्चाच्या वहीत ही नोंद कोठे करावी, ते मला उमगलेले नाही.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी भेलसा येथील श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद यांच्या दानातून १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. पुढे एकूण १६ खंड झाले. विशेष म्हणजे मुद्रित ग्रंथ पाहून मूडबिद्रीच्या विश्वस्तांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास सहकार्य दिले. प. पू. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांत ग्रंथ ताम्रपटांवरही कोरले गेले.

आता घरची गोष्ट. आपल्या मंदिरातील हस्तलिखितांच्या कपाटाची किल्ली नऊ वर्षे माझ्या दुकानातील गल्ल्यात होती. सुरक्षित आहे, एवढ्यावर मी समाधानी होतो. मागील श्रुतपंचमीस कपाट उघडले, तेव्हा तीन पोथ्यांना वाळवी लागलेली आढळली. हा दोष सर्वस्वी माझा. उरलेल्या पोथ्यांना नवी वेष्टने शिवून दिली आहेत. किल्ली आता कार्यालयात असते. ज्यांना पोथ्या पाहावयाच्या वा उतरवून घ्यावयाच्या असतील, त्यांनी रविवारी पूजेनंतर यावे.