चेहऱ्यामागचा माणूस

तसबिरीचे मोल काय असते, हे आमच्या उल्हासनगरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९४७ साली सिंधमधून निघालेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन उतरली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घरदार मागे टाकून आलेल्या एखाद्या कुटुंबाबरोबर वडिलांची तसबीर आली असेल, तर ती देवाशेजारीच लागायची! आज कॅम्प ५ मधल्या फोटोच्या दुकानात अर्जाला लावण्याजोगा फोटो पाच मिनिटांत मिळतो. कचेरीला तो आपली ओळख पटवतो. आपल्याला मात्र तो परक्याचा वाटतो. नाक, डोळे, कान सारे जागच्या जागी असते. नसतो तो फक्त माणूस.

हा हरवलेला माणूस शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, असे एक मराठी कलावंत म्हणजे कै. गौतम राजाध्यक्ष.

छायाचित्रणाची विद्या आपल्याकडे तशी लवकर आली. १८३९ साली पॅरिसला दागेरची युक्ती जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. तेव्हा काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागे, आणि तोवर मान हलवण्याची सोय नसे. त्या जुन्या फोटोंतली माणसे आपल्याला रागावलेली दिसतात. बिचारी रागावलेली नसत, जीव मुठीत धरून बसलेली असत! पुढे कॅमेरे चपळ झाले. शरीराचा ताठरपणा गेला. मनाचा तेवढा राहिला.

राजाध्यक्षांनी हात घातला तो नेमका या ठिकाणी. १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात ते शिकले आणि तेथेच त्यांनी दोन वर्षे शिकवलेही. १९७४ साली ते लिंटास या जाहिरात कंपनीत लागले. छायाचित्रण हा फावल्या वेळचा छंद. १९८० साली शबाना आझमी, टीना मुनीम व जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे त्यांनी काढली आणि छंदाला वाट फुटली. अखेर १९८७ साली त्यांनी नोकरी सोडली. महिन्याच्या पगाराची वाट पाहणाऱ्या आम्हा शिक्षक मंडळींना या निर्णयाचे वजन लगेच कळेल.

नटनट्यांचा फोटो काढण्यात कसले कौशल्य, असे कुणी म्हणेल. पण खरी अडचण तेथेच आहे. ज्याचा चेहरा हजारदा टिपला गेला, त्याला कॅमेरा दिसताच ठरलेले हसू आपोआप येते. ते हसू ओसरेपर्यंत थांबायचे, गप्पांत समोरच्याला मोकळे करायचे आणि मग कळ दाबायची, यालाच धीर लागतो. राजाध्यक्षांनी साऱ्यांनाच देखणे केले, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच खोटा नाही. परंतु ते देखणेपण नुसत्या रंगरंगोटीचे नव्हते. विश्वासाने सैलावलेल्या चेहऱ्याचे होते.

१९९७ साली त्यांचा ‘फेसेस’ हा ग्रंथ निघाला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती साकारणाऱ्या, आणि त्यांच्या नात्यातल्याच, दुर्गाबाई खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे त्यात आहेत. पाने उलटावीत, तसा बोलपटाचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. लेखणीही त्यांना वश होती. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे ते संपादक होते, आणि काजोलचा पहिला चित्रपट ‘बेखुदी’ (१९९२) याची पटकथा त्यांचीच. १३ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. फोटो उदंड झाले, पण समोरच्याकडे पाहायला सवड उरली नाही. वाचकहो, या दिवाळीत आजीचा फोटो काढाल, तेव्हा आधी घटकाभर तिच्याजवळ बसा. तिला फराळाच्या, माहेरच्या गोष्टी काढू द्या. बोलता बोलता ती फोटोचे विसरून जाईल. कळ दाबायची ती तेव्हा.