खुंटीला दोन वेढे

वेस्टर्न सिनेमांनी काउबॉयच्या हाती पिस्तूल दिलं आणि त्याचं खरं हत्यार झाकून टाकलं. गुरं वळणाऱ्याला पिस्तूल लागतं किती? एखादा साप मारायला, नाहीतर पाय मोडलेल्या घोड्याचे हाल थांबवायला. त्याचं पोट चालायचं ते दोरावर. तो दोर, तो फेकायची रीत आणि फेकल्यावर तो अडकवायची खोगिरावरची खुंटी, यांतलं काहीच टेक्ससच्या गोऱ्या माणसाचं नाही. मेक्सिकोतल्या घोडेस्वार गुराख्याकडून, म्हणजे वाकेरोकडून, हे सगळं त्याला आयतं मिळालं. आणि गंमत अशी, की या वाकेरोच्या पूर्वजांपैकी कित्येकांना घोड्यावर बसायचीच बंदी होती.

कोलंबसाने 1493 सालच्या दुसऱ्या सफरीत घोडे आणि गुरं कॅरिबियन बेटांवर उतरवली. 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम 16 घोडे होते. थोड्याच वर्षांत मागोमाग गुरं आली. माळ मोकळा, गवत मुबलक. गुरं वाढली आणि रानटी झाली. अशी गुरं राखायची तर घोडा हवाच, कारण पायी माणूस दिसला की लांब शिंगांचं जनावर सरळ अंगावर येतं. आपला धनगरही घोडं बाळगतो, पण त्यावर बिऱ्हाड लादतो, करडं-कोकरं बसवतो. मेंढरांमागे तो चालतच जातो. युरोपातही बहुतेक ठिकाणी गुराखी पायीच असे. ठळक अपवाद होता दक्षिण स्पेनचा. ग्वादाल्किवीर नदीच्या दलदलीतली मोकाट गुरं तिथले गुराखी घोड्यावर बसून, हातात लांब काठी घेऊन हाकत. मेक्सिकोत गेली ती हीच रीत. रिकिबी आखूड ठेवून, गुडघे दुमडून बसायची मांड स्पेनने उत्तर आफ्रिकेच्या मुसलमान स्वारांकडून उचललेली होती. म्हणजे उसनवारी तिथूनच सुरू होते.

मूळ रहिवाशांनी घोड्यावर बसू नये असा स्पॅनिश सत्तेचा हुकूम होता. कारण उघड आहे. मूठभर माणसांनी एवढा मुलूख जिंकला त्यात घोड्याचा वाटा मोठा होता, तो जिंकलेल्यांच्या हाती कोण देईल? पण कुरणात हजारोंनी गुरं, आणि चिखलात, उन्हात, शेणात राबायला तयार असलेले स्पॅनिश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा मिशनच्या पाद्र्यांनी आणि हासिएंदांच्या, म्हणजे मोठ्या जमीनदाऱ्यांच्या, मालकांनी हुकुमाकडे काणाडोळा केला आणि मूळ रहिवासी, मिश्र रक्ताचे लोक, आफ्रिकेतून आणलेले गुलाम अशांना घोड्यावर चढवलं. गरज पडली की कायदा कसा वाकतो याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी आठवत नाही.

सुरुवातीला या गुराख्याचं हत्यार भयंकर होतं. लांब दांड्याला अर्धचंद्राकृती पातं बसवायचं, भरधाव घोड्यावरून जनावराला मागून गाठायचं आणि त्याच्या मागच्या पायाची शीर कापायची. जनावर बसलं की कातडं आणि चरबी काढून घ्यायची, मांस गिधाडांना. पैसा कातड्याला होता. कत्तल इतकी वाढली की मेक्सिकोतल्या पशुमालकांच्या संघाने, म्हणजे मेस्ताने, 1574 साली या हत्यारावर बंदी घातली. दोराचं महत्त्व वाढलं ते यानंतर. आधी फास काठीच्या टोकाला लटकवून शिंगांवर नेऊन टाकत, आणि दोराचं दुसरं टोक चक्क घोड्याच्या शेपटीला बांधत. काठी गळून फास हवेतून जाऊ लागला तेव्हा खरी विद्या सुरू झाली.

हा दोर, रेआता, कातड्याचा. ओलं कातडं पसरून कडेपासून गोल गोल आत कापत जायचं, म्हणजे एका कातड्यातून न तुटता लांबच लांब वादी निघते. ती ताणायची, केस खरवडायचे, जाडी सगळीकडे सारखी होईल अशी तासायची. मग चार, सहा किंवा आठ पदरांची वेणी घालायची आणि चरबी चोळून मऊ करायची. साधारण 60 फुटांचा दोर नेहमीचा, त्याहून लांब बाळगणारेही असत. वजनामुळे तो वाऱ्याला दबत नाही, फास उघडा राहतो आणि दूरवर नेमका जातो. पण त्यात एक खोट आहे. एकाएकी हिसका बसला की कातडं तुटतं. पूर्ण वाढलेला बैल दोराच्या टोकाला पूर्ण वेगाने धडकला, तर दोर तरी जाईल नाहीतर खोगीर तरी.

यावरचा तोडगा म्हणजे या धंद्यातली सगळ्यात सुंदर युक्ती. मेक्सिकोच्या कारागिरांनी खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर मुठीएवढी लाकडी खुंटी आणली. फास पडला की स्वाराने हातातला मोकळा दोर तिच्याभोवती दोन-तीन वेढे घेऊन धरायचा. बांधायचा मात्र नाही. जनावराने ओढ घेतली की दोर खुंटीवरून सरकू द्यायचा, मग हळूहळू आवळत आणायचं. हिसका घर्षणात जिरतो. खुंटीवरचं चामडं करपतं, कधी कधी धूरही निघतो. वेढे घालताना अंगठा वर ठेवायचा हा पहिला धडा, कारण दोर आणि खुंटी यांच्यात सापडलेला अंगठा परत मिळत नाही. जुन्या वाकेरोंमध्ये अंगठा गमावलेले पुष्कळ असत. आजही दोर टाकणाऱ्यांमध्ये असे हात दिसतात.

इथे अर्धं काम घोड्याचं असतं. फास पडताच त्याने जनावराकडे तोंड करून उभं राहायचं, दोर सैल पडला तर स्वतःच मागे सरायचं. कॅलिफोर्नियातले वाकेरो असा घोडा घडवायला कित्येक वर्षं देत. आधी तोंडात लोखंड घालायचंच नाही, नाकावरून वेणीच्या कातड्याचं कडं आणि केसांच्या दोराचा लगाम एवढ्यावर शिकवायचं. नंतर काही काळ कडं आणि लोखंडी लगाम दोन्ही बरोबर. शेवटी नुसता लगाम, आणि तोही असा, की आडदांड हाताने ओढला तर घोड्याचं तोंड फाटावं. म्हणून तो ओढायचाच नाही, बोटाच्या इशाऱ्याने चालवायचा. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

कॅलिफोर्नियात ही विद्या 1769 नंतर स्पॅनिश मिशनांबरोबर पोचली. तिथून ती समुद्रापार गेली, हे फारसं कुणाला माहीत नसतं. 1793 साली कॅप्टन व्हँकूव्हरने हवाईच्या कामेहामेहा राजाला गुरं नजर केली. राजाने ती मारायला मनाई केली आणि गुरं इतकी माजली की शेतीवाडी तुडवू लागली. शेवटी 1830 च्या दशकात कॅलिफोर्नियाहून वाकेरो बोलवावे लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हवाईयन गुराख्यांना पानिओलो म्हणतात. टेक्ससचा काउबॉय नावारूपाला यायच्या कितीतरी आधी हे लोक डोंगरात रानबैल धरत होते. 1908 मध्ये वायोमिंगमधल्या शायेन गावी बैल दोराने पाडून बांधण्याच्या जागतिक स्पर्धेत इकुआ पर्डी हा हवाईचा पानिओलो पहिला आला, तेही उसन्या घोड्यावर. बघायला जमलेल्या खऱ्या काउबॉय मंडळींची तोंडं काय झाली असतील!

टेक्ससची गोष्ट वेगळी. रिचर्ड किंग हा रिओ ग्रांद नदीवरचा आगबोटीचा कप्तान, गुरांतलं त्याला काही कळत नव्हतं. 1853 मध्ये त्याने जमीन घेतली, आणि पुढच्या वर्षी दुष्काळाने पिचलेल्या मेक्सिकोतल्या क्रुइयास गावात जाऊन गावकऱ्यांची गुरं विकत घेतली. गुरं गेली, आता ही माणसं खाणार काय, हे मागाहून ध्यानात आल्यावर त्याने गावकऱ्यांनाच कामाला बोलावलं. सुमारे शंभर माणसं बायकामुलांसह चालत टेक्ससला आली. त्यांना किनेन्यो, म्हणजे किंगची माणसं, हे नाव पडलं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या त्याच रँचवर राबल्या. अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध रँचचा पाया असा उचलून आणलेल्या एका गावावर उभा आहे.

टेक्ससवाल्यांनी दोर घेतला, खुंटी घेतली, पण वेढे टाकून दिले. त्यांच्या मुलुखात काटेरी झुडपं दाट. 60 फुटी दोर फिरवायला जागाच नाही. त्यांनी वाखाचा 30-40 फुटांचा दोर धरला आणि त्याचं टोक खुंटीला पक्कं बांधून टाकलं. हिसका सोसायला खोगिराला एकाऐवजी दोन तंग लावले. अंगठा वाचला, पण दोराला अडकलेलं जनावर सोडून द्यायची सोय गेली. मला विचाराल तर कॅलिफोर्नियाची रीत देखणी आणि टेक्ससची धीट, पण अक्कल जास्त लागते ती पहिलीला.

ज्या काळावर एवढे सिनेमे निघाले तो जेमतेम 20-25 वर्षांचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं तेव्हा टेक्ससमध्ये चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेत चाळीसला जात होता. 1867 मध्ये कान्ससमधल्या ॲबिलीन गावी आगगाडीवर गुरं चढवायची सोय झाली. दहा-बारा माणसं दोन-तीन हजार गुरं रोज 10-15 मैल हाकत नेत. महिन्याचा पगार 30-40 डॉलर. या माणसांत काळे आणि मेक्सिकन मोठ्या संख्येने होते, पडद्यावर मात्र ते औषधालाही सापडत नाहीत. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, माळ कुंपणांत वाटला गेला, आणि 1886-87 च्या हिवाळ्यात उत्तरेच्या माळांवर लाखो गुरं बर्फात मेली. त्यानंतर राहिली ती रँचवरची पगारी नोकरी.

मेक्सिकोत मात्र या विद्येची जत्रा आजही भरते. चार्रेरिया म्हणतात तिला, आणि 2016 साली युनेस्कोने तिला मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. अमेरिकेत नेवाडा-ओरेगॉनकडचे गुराखी आजही वेढे घालतात आणि टेक्ससचे पुष्कळजण बांधूनच टाकतात. फक्त दोर बहुतेकांचा आता नायलॉनचा असतो. तेव्हा पुढच्या वेळी वेस्टर्न पाहाल, तेव्हा कमरेच्या पिस्तुलाऐवजी खोगिरावरच्या खुंटीकडे बघा. दोर तिला बांधलेला असेल, तर माणूस टेक्ससच्या घराण्यातला. फास टाकून वेढे घालू लागला, तर त्याने विद्या थेट वाकेरोकडून घेतली आहे असं खुशाल समजा.