दुःखांतील आनंद : वसईचे संत गोन्सालो गार्सिया



‘ज्युबिली’ हा शब्द आज आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्याचें मूळ फार थोड्यांस ठाऊक असेल. इब्री भाषेंत ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत देवानें आपल्या प्रजेस आज्ञा केली आहे कीं, दर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळें दास्यांत पडलेल्यानें मोकळें होऊन आपल्या कुटुंबांत परत जावें. तेव्हां ज्युबिलीचा आनंद हा मुळांत सुखवस्तु लोकांचा आनंद नव्हे. ज्यांनीं कांहीं गमावलें होतें, त्यांचा तो आनंद होय.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे एक प्रश्न आपोआप पुढें येतो. पाऊस ओढ धरतो, भाताची रोवणी खोळंबते, घरांत दुखणें येतें, कर्त्या माणसाचें छत्र नाहींसें होतें. अशा वेळीं ‘आनंद करा’ हें वचन ऐकून मनुष्यानें काय समजावें? संत पौलानें फिलिप्पैकरांस आनंद करण्याचा बोध केला, तो बंदिवासांत असतां केला, हें आपणांस माहीत आहे. पण पौल दूरचा, त्याचा काळही दूरचा, असें कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच महाराष्ट्रभूमींत जन्मास आलेल्या एका पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

इ. स. १५३४ मध्यें गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें तेथें देवळें, मठ व जेज्वीट फादरांचें विद्यालय हीं उभीं राहिलीं. याच वसईंत सुमारें १५५७ सालीं गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई एतद्देशीय होती, असें परंपरा सांगते. जेज्वीट फादरांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें, आणि कोवळ्या वयांतच ते त्यांच्याबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं, धर्मशिक्षक म्हणून त्यांची सेवा फार मोलाची ठरली.

जेज्वीट संघांत आपणांस घ्यावें, अशी त्यांची मोठी इच्छा होती; ती सफळ झाली नाहीं. किती तरी वर्षें ज्या दाराशीं सेवा केली तें दार उघडलें नाहीं, याचें दुःख लहान नव्हे. गोन्सालो व्यापारांत शिरले व त्यांत त्यांस यशही आलें. परंतु धनानें अंतःकरणाची भूक भागली नाहीं. शेवटीं फिलिपाइन्समधील मनिला शहरीं त्यांनीं सर्व व्यापार सोडून संत फ्रान्सिसच्या संघांत ब्रदर म्हणून व्रत घेतलें. एका निराशेंतून देवानें त्यांस अशा वाटेनें नेलें कीं, जपानांत परत जाण्याचें दार पुन्हां उघडलें. १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस स्पेनचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पाठविण्यांत आलें, तेव्हां दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो त्यांच्याबरोबर होते.

क्योतो शहरीं या फ्रान्सिस्कनांनीं देऊळ, मठ व रोग्यांसाठीं रुग्णालयें उभारलीं. ज्यांस समाजानें टाकून दिलें होतें अशा कुष्ठरोग्यांची तेथें शुश्रूषा होत असे. हा काळ फार दिवस टिकला नाहीं. १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यांत ‘सान फेलिपे’ नांवाचें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मालाच्या जप्तीवरून तंटा माजला. मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचें सैन्य येतें, असा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला, आणि त्यानें धर्मोपदेशकांस पकडण्याचा हुकूम सोडला.

२४ जण धरले गेले. १५९७ च्या जानेवारींत क्योतोच्या रस्त्यांतून त्यांची धिंड काढण्यांत आली व प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. नंतर ऐन हिवाळ्यांत, बर्फ व गारठा सोशीत, सुमारें महिनाभर त्यांस नागासाकीकडे चालविलें. वाटेंत त्यांची सेवा करण्यास व सोबत देण्यास आलेल्या दोघां जपानी ख्रिस्तीजनांसही पहारेकऱ्यांनीं धरलें, आणि संख्या २६ झाली. त्यांपैकीं सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेज्वीट व सतरा जपानी प्रापंचिक होते. फार काय, त्यांत तीन अल्पवयी मुलेंही होतीं!

त्यांपैकीं १४ वर्षांचा तोमास कोझाकी आपल्या बापासह मरणास जात होता. वाटेंतील मुक्कामावरून त्यानें आईस एक पत्र लिहिलें. आमच्याविषयीं काळजी करूं नये, आम्ही स्वर्गांत तुझी वाट पाहूं, धाकट्या भावांस जप, असा त्याचा आशय आहे. वाचकहो, या पत्रांत आनंदाचें खरें स्वरूप दिसतें. त्या मुलास दुःख नव्हतें असें नाहीं. आईची आठवण त्याच्या काळजांत होती म्हणूनच त्यानें लेखणी उचलली. परंतु स्वतःच्या मरणापेक्षां आईचें सांत्वन त्यास अधिक महत्त्वाचें वाटलें. ख्रिस्ती आनंद अश्रूंस मना करीत नाहीं; अश्रु ढाळतां ढाळतां दुसऱ्याचे डोळे पुसण्याचें बळ तो देतो.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीजवळील निशिझाका टेंकडीवर २६ क्रूस मांडून ठेवले होते. समकालीन वृत्तांत असा आहे कीं, टेंकडीवर प्रथम पोंचले ते गोन्सालो. ते थेट एका क्रुसाकडे गेले व हा माझा काय, असें त्यांनीं विचारलें. तो नव्हे असें कळतांच ते दाखविलेल्या क्रुसाकडे वळले, गुडघे टेंकले व त्यास त्यांनीं आलिंगन दिलें. तें पाहून इतरांनींही तसेंच केलें. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीनेंही आपला क्रूस कोणता, असें उत्सुकतेनें विचारलें. मुलांनीं स्तोत्र गाइलें. जेज्वीट पौल मिकी यांनीं क्रुसावरूनच उपदेश केला व आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. मग भाले चालले. गोन्सालो त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचे होते.

या रक्ताचें फळ काय झालें? १६१४ मध्यें जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. पुढें धर्मगुरु उरले नाहींत, देवळें उरलीं नाहींत. तरी साध्या कोळी-शेतकऱ्यांनीं बाप्तिस्मा व प्रार्थना गुप्तपणें जतन केल्या. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं या २६ जणांस संतपद दिलें, आणि गोन्सालो गार्सिया हे हिंदुस्थानांत जन्मलेले पहिले संत ठरले. या २६ जणांच्याच नांवें नागासाकींत ओउरा येथें देऊळ बांधण्यांत आलें. १७ मार्च १८६५ रोजीं कांहीं खेडूत त्या देवळांत आले व आमचें आणि तुमचें अंतःकरण एकच आहे, असें त्यांनीं फादर पेतिजां यांस हळूच कळविलें. सुमारें अडीच शतकांच्या अंधारानंतर तो दिवस उगवला!

इकडे वसईवरही कठीण काळ येऊन गेला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या सैन्यानें वसई घेतली. तहांत मागें राहणाऱ्या ख्रिस्तीजनांस धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. परंतु युरोपियन धर्मगुरु निघून गेले, व किल्ल्यांतील मोठमोठीं देवळें कालांतरानें ओस पडलीं. श्रद्धा मात्र ओस पडली नाहीं. थोडे देशी धर्मगुरु, घराघरांतील संध्याकाळची प्रार्थना, सणावारीं व लग्नकार्यांत म्हटलीं जाणारीं गाणीं, यांच्या आधारें ती टिकली. १९९८ मध्यें वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

या दोन्ही कथांचा बोध एकच. आनंद हा सुकाळाचा पाहुणा नव्हे. गोन्सालो यांस तो क्रुसापाशीं एकाएकीं सांपडला नाहीं. नाकारलें गेल्यावरही सेवा न सोडण्यांत, धन सोडून देण्यांत, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांच्या सहवासांत तो वर्षानुवर्षें मुरत आला होता. शेतकरी बियाणें पेरतो तें मातीआड दिसेनासें होतें; म्हणून तें गेलें असें तो म्हणत नाहीं. भंडाऱ्याच्या भातशेतींत राबणाऱ्या आपणां लोकांस हें अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

तेव्हां बपेरा परिसरांतील भाविकहो, या ज्युबिलीच्या दिवशीं ज्यांच्या घरीं सुख आहे त्यांनीं देवाचे आभार मानावे, व ज्यांच्या घरीं दुःख आहे त्यांनीं आपणांस या उत्सवाबाहेरचे समजूं नये. शिंग मुळांत त्यांच्यासाठींच फुंकलें गेलें होतें. शेजाऱ्याच्या दाराशीं जाऊन त्याचा भार थोडा उचलणें, हाच त्या शिंगाचा खरा नाद होय. आमच्या वसईचे संत गोन्सालो आम्हां सर्वांसाठीं विनंती करोत, आणि आमचा आनंद कोणी आम्हांपासून हिरावून न घेवो. आमेन.